सुमो कुस्तीतील वेशभूषा

सुमो कुस्तीतील वेशभूषा : जपानच्या सुमो या पारंपरिक कुस्तीत मल्ल आणि पंच यांच्यासाठी ठरलेली वस्त्रे, केशरचना व पादत्राणे. व्यावसायिक सुमोत मल्लांच्या सहा श्रेणी असतात. कोणी काय नेसावे, पायांत काय घालावे, केस कसे बांधावेत, हे श्रेणीवरून ठरते. माकुउची आणि जूर्यो या वरच्या दोन श्रेणींतील मल्लांना ‘सेकितोरी’ म्हणतात. नियमित वेतन त्यांनाच मिळते. अंगावरची मानाची प्रत्येक खूण मल्लाने आखाड्यात कमावलेली असते, हेच या वेशभूषेचे मर्म होय.

मावाशी : कमरेभोवती अनेक वेढे देऊन आणि मांड्यांमधून घेऊन करकचून बांधलेला, लंगोटासारखा जाड पट्टा. तो पकडूनच अनेक डाव टाकले जातात. कनिष्ठ मल्ल सरावात आणि स्पर्धेत काळा सुती पट्टा बांधतात. सेकितोरी सरावात पांढरा सुती, तर स्पर्धेत रंगीत रेशमी पट्टा बांधतात. त्यामुळे तालमीत पाऊल टाकताच कोण कोणत्या पायरीवर आहे, ते रंगावरून कळते. लढतीच्या वेळी पट्ट्याला पुढे ‘सागारी’ नावाच्या दोऱ्या खोचतात. त्यांची संख्या विषम असते. सेकितोरींच्या दोऱ्या समुद्रशेवाळाच्या खळीने ताठ केलेल्या असतात. झटापटीत त्या निसटल्या, तर पंच त्या उचलून बाजूला टाकतो आणि लढत चालू राहते. मावाशीच सुटून पडली, तर मात्र मल्ल पराभूत ठरतो.

केशो-मावाशी : आखाड्यातील प्रवेशविधीसाठी सेकितोरी परिधान करतात तो रेशमी, भरजरी पट्टा. त्याचे पुढचे टोक घोट्यांपर्यंत रुळते. त्यावर मल्लाचे नाव, त्याच्या गावाची खूण किंवा आश्रयदात्याचे चिन्ह भरलेले असते. तो बहुधा चाहत्यांची मंडळे किंवा आश्रयदाते भेट देतात. त्याला जांभळी झालर लावण्याचा मान ओझेकी आणि योकोझुना या सर्वोच्च दोन पदांनाच असतो.

त्सुना : ‘योकोझुना’ या शब्दाचा अर्थच ‘आडवा दोर’. शिंतो देवस्थानात पवित्र जागेची सीमा दाखवणाऱ्या दोरासारखा हा जाड, पांढरा दोर योकोझुना प्रवेशविधीच्या वेळी कमरेला बांधतो. त्यावर पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लोंबतात. पाठीमागे एक फास असेल तर ‘उन्र्यू’ आणि दोन असतील तर ‘शिरानुई’ शैली मानतात. दोर वळण्याचे काम मल्लांचे असते. पांढरे हातमोजे घातलेले सहकारी मल्ल एकत्र जमून ताग पिळतात. एकट्याच्या कमरेवरचा मान अनेक हातांनी वळला जातो.

केशरचना व बाहेरील पोशाख : जपान सरकारने 1871 मध्ये शेंडीसारखी जुनी केशरचना सोडण्याची मुभा दिली आणि पुढे ती समाजातून नाहीशी झाली, सुमोत ती टिकली. सुवासिक तेल लावून केस बांधण्यासाठी खास केशरचनाकार असतात. सेकितोरी स्पर्धेत जिंको वृक्षाच्या पानाच्या आकाराचा बुचडा घालतात. निवृत्तीच्या सोहळ्यात हे केस कापले जातात आणि शेवटची कात्री मल्लाचा गुरू चालवतो. सर्वांत खालच्या दोन श्रेणींतील मल्ल कडाक्याच्या थंडीतही ‘युकाता’ हा पातळ सुती झगा आणि लाकडी खडावा घालून बाहेर पडतात. कुलचिन्हांकित किमोनो सेकितोरी झाल्यावरच अंगावर चढतो.

पंचांचा पोशाख : पंचाला ‘ग्योजी’ म्हणतात. 1910 पासून ग्योजी मध्ययुगीन सरदारी थाटाचा झगा आणि काळी टोपी घालतात. कनिष्ठ पंच अनवाणी उभे राहतात; पुढे मोजे आणि त्यानंतर चपला घालण्याचा अधिकार मिळतो. सर्वोच्च दोन पंच कमरेला लहान कट्यार बाळगतात. चुकीचा निर्णय दिल्यास प्राण देण्याची तयारी, असा तिचा परंपरागत अर्थ आहे.

कमावलेला हा मान गमावताही येतो. जूर्योतून खाली घसरलेल्या मल्लाला रेशीम उतरवून पुन्हा काळी सुती मावाशी बांधावी लागते. योकोझुनाची मात्र पदावनती होत नाही. पदाला साजेशी कामगिरी होईनाशी झाली की त्याने निवृत्त व्हावे, अशी अपेक्षा असते.