बाईचं सुख : दोन हजार वर्षांत तिला कुणी विचारलं?

आजचं बोलणं मोठ्या, जाणत्या बायकांसाठी आहे, म्हणून ते आम्ही मुलंबाळं झोपायच्या वेळेला ठेवलं आहे. विषय आहे शरीरसंबंधातलं बाईचं सुख. लाज वाटेल, हसू येईल. येऊ द्या, पण उठून जाऊ नका.

बचत गटाच्या कामासाठी आम्ही गावोगाव फिरतो. हप्ते भरून झाले, सह्या-अंगठे झाले, वही मिटली, की बायका मनातलं बोलायला लागतात. पाळी, अंगावर पांढरं जाणं, पिशवीचं ऑपरेशन, सगळं निघतं. मग एखादी आवाज बारीक करून विचारते, "ताई, बाईलापण तसं काही होतं का हो?" दुसरी म्हणते, "मला तर काहीच होत नाही. माझ्यातच काहीतरी कमी असेल." हे 'कमी असेल' आम्ही इतक्यांदा ऐकलं, की ते आलं कुठून हे बघायला इतिहास चाळायला घेतला. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शब्द समजून घेऊ. संबंधाच्या वेळी सुख वाढत वाढत एका टोकाला जातं, योनीभोवतीचे स्नायू लयीत आवळतात, सुटतात आणि मग सगळं अंग सैल, शांत होतं. याला पुस्तकात कामपूर्ती म्हणतात, डॉक्टर लोक ऑरगॅझम म्हणतात. पुरुषाची कामपूर्ती डोळ्यांना दिसते, म्हणून ती असते की नाही यावर कधी वाद झाला नाही. बाईची बाहेरून दिसत नाही. मग ती असते का, आणि असली तर कशी असावी, हे ठरवायला पुरुषच पुढे आले.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीकाठी पैठणला सातवाहनांची राजधानी होती. त्यांच्यातल्या हाल नावाच्या राजाने लोकांतल्या सातशे गाथा गोळा केल्या असं मानतात. तीच 'गाथासप्तशती'. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी म्हणा. या गाथांमध्ये राण्या कमी आणि शेतावरच्या, नदीवरच्या, खेड्यातल्या बाया जास्त आहेत. त्या रुसतात, वाट बघतात, मनातली ओढ मैत्रिणीला मोकळेपणी सांगतात. काही गाथा बायकांच्या नावावरही आहेत. तेव्हा 'आपल्यात असलं बोलत नव्हते' असं कुणी म्हणालं, तर गोदाकाठच्या या बायांची आठवण द्या.

त्यानंतर, साधारण तिसऱ्या शतकात, वात्स्यायनाने 'कामसूत्र' लिहिलं. त्या ग्रंथाचं नाव निघालं की लोकांना फक्त आसनं आठवतात. पण त्यात एक मोठा वाद आहे, आणि तो नेमका आपल्या प्रश्नावरचा आहे. औद्दालकी नावाच्या आचार्याचं म्हणणं पडलं, की पुरुषाला मिळते तशी तृप्ती बाईला मिळत नाही, तिचं सुख वेगळ्याच जातीचं. बाभ्रव्याच्या मताचे लोक म्हणाले, तिचं सुख सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालूच असतं. वात्स्यायनाने दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला : दोघंही माणसंच, एकाच कामात गुंतलेली, मग एकाला सुख आणि दुसरीला नाही असं कसं होईल? आणि पुढे पुरुषाला सांगून टाकलं, की आधी तिला तृप्ती मिळेल असं वाग. सतराशे वर्षांपूर्वीची ही शिकवण आहे. एवढं मात्र खरं, की वाद घालणारे सगळे पुरुषच होते.

आता युरोपात जाऊ, कारण आपल्या मनात बसलेल्या 'कमी'चं एक मूळ तिकडे आहे. १५५९ साली इटलीतल्या रिआल्दो कोलोंबो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या पुस्तकात दावा आला, की बाईच्या सुखाची जागा मी शोधून काढली. ती जागा म्हणजे शिश्निका, योनीच्या वरच्या बाजूला, लघवीच्या जागेच्याही वर असलेला वाटाण्याएवढा उंचवटा. लगेच फॅलोपिओ नावाचा दुसरा शास्त्रज्ञ म्हणाला, छे, आधी मी शोधली! कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये बाईच्या ज्या नळ्या बंद करतात, त्यांना इंग्रजीत याच फॅलोपिओचं नाव आहे. बायकांना ती जागा काय तोवर ठाऊक नव्हती?

पुढची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९०५ साली व्हिएन्ना शहरातल्या सिग्मंड फ्रॉइड या मनाच्या डॉक्टरांनी मत मांडलं, की शिश्निकेतून मिळणारं सुख हे लहानपणाचं. बाई खरी प्रौढ झाली, की ते सुख योनीच्या आत सरकलं पाहिजे. म्हणजे सुखाचे दोन प्रकार पाडले आणि एकाला पक्कं, दुसऱ्याला कच्चं ठरवून टाकलं. हे मत जगभर पसरलं. लाखो बायकांना त्यांच्या शरीरात सगळं ठीक असताना सांगितलं गेलं, की तू थंड आहेस, अपुरी आहेस.

याची किंमत काय होती, त्याचं एक उदाहरण सांगतो. मारी बोनापार्त ही फ्रान्समधली, नेपोलियनच्या घराण्यातली बाई. ग्रीसच्या राजपुत्राशी लग्न झालं होतं. पैसा, मान, शिक्षण, कशालाच तोटा नव्हता. पण संबंधात आतून सुख मिळत नाही, म्हणून आपण अपुऱ्या, असं तिच्या मनाने घेतलं. १९२४ साली तिने टोपणनावाने या विषयावर लेख लिहिला. शिश्निका योनीपासून दूर असल्यामुळे हे होतं असा तिचा अंदाज होता. मग ती जागा सरकवून घ्यायला तिने शस्त्रक्रिया करून घेतली, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. उपयोग झाला नाही. राजघराण्यातल्या बाईने ज्या 'कमी'साठी अंगावर सुरी चालवून घेतली, ती कमी तिच्या शरीरात नव्हतीच. ती डॉक्टरांच्या समजुतीत होती.

त्याच काळात आपल्या मुंबईत एक वेगळा माणूस काम करत होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई पाठीशी राहिल्या, स्वतः नोकरी करून घर सांभाळलं. जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी 'समाजस्वास्थ्य' हे मराठी मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं : कामसुखावर पुरुषाचा जेवढा हक्क, तेवढाच बाईचा. आणि दर वेळी पोट राहायची धास्ती असेल, तर बाईला कसलं सुख? म्हणून गर्भनिरोधकं हवीत. गोळी, तांबी, निरोध यांच्याकडे आपण फक्त मुलं थांबवायची साधनं म्हणून बघतो. रघुनाथरावांनी ती बाईच्या निर्धास्तपणाची साधनं म्हणून बघितली.

अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ सालच्या खटल्याचं कारण काय, तर वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकात दिलेली उत्तरं! त्या वेळी त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते लिखाण अश्लील होत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला, पण मासिक थांबलं नाही. आज आपण रेडिओवर हे बोलतोय, त्याची वाट या माणसांनी पाडलेली आहे.

ज्या वर्षी रघुनाथराव गेले, त्याच १९५३ साली अमेरिकेत अल्फ्रेड किन्सी यांचं पुस्तक आलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६,००० बायकांना समोर बसवून विचारलं होतं, की तुम्हाला काय होतं, कशाने होतं? उत्तरं नाना तऱ्हेची आली. कुणाला नवऱ्यासोबत, कुणाला स्वतःच्या हाताने, आणि पुष्कळजणींना तर झोपेत, स्वप्नातसुद्धा कामपूर्ती होत होती.

मग विल्यम मास्टर्स हे डॉक्टर आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी काम केलं. जॉन्सनबाईंकडे कॉलेजची पदवी नव्हती, पदरी दोन मुलं होती. या दोघांनी शेकडो स्त्रीपुरुषांच्या शरीरात त्या वेळी काय बदल होतात, नाडी किती वाढते, स्नायू कसे आवळतात, हे प्रयोगशाळेत मोजलं. १९६६ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यांना दिसलं ते असं, की सुख बाहेरून सुरू होवो की आतून, बाईचं शरीर एकाच तऱ्हेने वागतं. कच्चं-पक्कं असं काही नाही. १९७६ साली शेअर हाइट या बाईचं पुस्तक आलं, त्यासाठी तिने प्रश्न छापून वाटले होते. सुमारे ३,००० अमेरिकन बायकांनी उत्तरं लिहून पाठवली. नुसत्या आतल्या संबंधाने नेहमी कामपूर्ती होते असं सांगणाऱ्या त्यांत शंभरात जेमतेम तीसजणी निघाल्या. बाकीच्या इतकी वर्षं आपणच वेगळ्या, असं समजून गप्प होत्या.

शेवटचा धागा ऑस्ट्रेलियातला. हेलन ओ'कॉनेल या सर्जन बाईंनी १९९८ साली दाखवून दिलं, की शिश्निका वाटाण्याएवढी नाहीच. बाहेर दिसतो तो फक्त शेंडा. भुईमुगाचं कसं, वर वेल आणि माल सगळा जमिनीत, तसा तिचा मोठा भाग आत आहे आणि तो योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. १८४४ साली कोबेल्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याची चित्रं काढली होती. पण पुढच्या डॉक्टरी पुस्तकांतून ती माहिती गळत गेली. म्हणजे बाहेरचं सुख आणि आतलं सुख ही दोन वेगळी घरं नाहीत. एकाच घराची दोन दारं आहेत.

तर मैत्रिणींनो, कामपूर्तीचे प्रकार किती, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? बाहेरच्या स्पर्शाने होते, आतल्या स्पर्शाने होते, दोन्ही मिळून होते. काहींना छातीच्या स्पर्शानेही होते. एखादीला एका वेळी एकदा, एखादीला लागोपाठ दोनतीनदा. एकाच बाईला आज होईल, उद्या होणार नाही. यात कुणी पहिल्या नंबरची नाही आणि कुणी नापास नाही. आणि ती झाली नाही तरी जवळीक, माया, अंगावरून फिरलेला हात, हेही सुखच आहे.

तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्नही यातच बसतात. स्वतःच्या हाताने सुख घेतल्याने अशक्तपणा येत नाही, कुठला रोग होत नाही. पिशवी काढली म्हणून बाईपण संपत नाही, शिश्निका जागच्या जागीच असते. अंडाशयंही काढली असतील किंवा पाळी गेली असेल, तर योनी कोरडी पडू शकते. त्यावर उपाय आहेत, डॉक्टरांना सांगा. संबंधाच्या वेळी दर खेपेला दुखत असेल, तर ते 'बाईचं नशीब' नाही. त्यामागे जंतुसंसर्ग, गाठ, कोरडेपणा किंवा भीती असू शकते. दाखवून घ्या.

आणि जिथे जबरदस्ती आहे, तिथे सुखाची गोष्टच करायला नको. बाईच्या मनात नसताना तिच्यावर केलेला संबंध हा लैंगिक छळ आहे, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्याला हिंसाचारच मानतो, मग तो नवऱ्याने का केलेला असेना. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करता येतो.

नवऱ्याशी हे बोलायचं कसं, असं तुम्ही म्हणाल. एकदम नका बोलू. भांडणाच्या वेळी तर नकोच. निवांत असताना एक वाक्य पुरे : "मला असं आवडतं," किंवा "घाई नको." ज्याला खरंच माया आहे तो ऐकतो. पुष्कळ पुरुषांनाही हे कुणी शिकवलेलं नसतं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले, की अर्धा तास या विषयाला ठेवा. आशाताईंना किंवा नर्सबाईंना बोलवा. कुणाला तोंडाने विचारायचं नसेल, तर चिठ्ठ्या लिहून डब्यात टाका, नाव घालायची गरज नाही. लिहिता येत नसेल तिला शेजारणीने लिहून द्यावं आणि ते तिथेच विसरावं. आलेल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही डॉक्टरबाईंकडून घेऊन रेडिओवर देऊ.