डबल कोलनचं कूळ आणि मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. पण सांगलीतल्या एका हळद-अडत्याची जुनी वेबसाइट पीएचपी ८ वर नेली, पहिलंच पान कोसळलं आणि शोधणं भाग पडलं. ओळ साधी होती: सौदा::दर(). (पीएचपीत क्लासची नावं देवनागरीत चालतात. साइट लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं, हे विशेष.) सौद्याचा ऑब्जेक्ट न बनवताच त्याच्या मेथडला हाक मारलेली.

२००० सालच्या पीएचपी ४ मध्ये हे बिनबोभाट चालायचं. मेथडला ‘स्टॅटिक’, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणारी, म्हणायची सोयच तिथे नव्हती. २००४ मध्ये पीएचपी ५ ने ती आणली, २०१५ च्या ७ ने तंबी दिली आणि नोव्हेंबर २०२० च्या ८ ने कार्यक्रमच थांबवला.

हे स्टॅटिक आलं कुठून? जावातून, असं बहुतेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे: इंटरफेस, ॲब्स्ट्रॅक्ट, फायनल हा सगळा संसार पीएचपी ५ मध्ये जावाच्याच वळणाने मांडलेला आहे. पण मग डबल कोलनचं काय? त्या काळच्या जावात ते चिन्हच नव्हतं, तिथे टिंबाने भागायचं. माझ्या मते जावा हा फक्त मधला मुक्काम. खरं माहेर सी++.

आणि तिथली गोष्ट तर फारच ओळखीची निघते. कोणत्याच ऑब्जेक्टशी देणंघेणं नसलेल्या मेथडही ऑब्जेक्टवरूनच बोलवाव्या लागत, म्हणून लोक शून्य पत्त्यालाच ऑब्जेक्ट मानून काम उरकत. तो टाइमबॉम्ब होता. १९८९ च्या आवृत्तीत सी++ चे जनक स्ट्रुस्ट्रुप यांनी स्टॅटिक मेथड आणून त्या वाटेला सरळ रस्ता दिला. शब्द मात्र नवा काढला नाही. नवा राखीव शब्द आला की जुने प्रोग्राम मोडतात, म्हणून सी भाषेतलाच उचलला. तिथे तो आधीच दोन अर्थ वाहत होता: जागा कायम धरून बसलेला व्हेरिएबल, आणि आपल्या फाइलीबाहेर न दिसणारं नाव. तिसरं ओझं त्याच्याच डोक्यावर. म्हणजे दोन्ही घरांत आधी लोकांची चोरवाट पडली, कायदा मागून आला!

डबल कोलनवर पीएचपीने आपला एक शिक्काही मारला. एररमध्ये त्याचं नाव ‘पामायिम नेकुदोतायिम’ असं यायचं. ते हिब्रू आहे, कारण पीएचपीचं इंजिन लिहिणारे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स इस्रायलचे.

खरी मेख पुढे आहे. जुन्या पीएचपीत एका ऑब्जेक्टच्या आतून दुसऱ्या क्लासची मेथड डबल कोलनने बोलावली, तर तिला बोलावणाऱ्याचाच ‘धिस’, म्हणजे ‘मी’ म्हणणारा ऑब्जेक्ट, मिळे. आमच्या अडत्याच्या साइटवर पावती क्लासमधून सौदा::दर() बोलावलं जाई. दोन्हीकडे ‘तारीख’ नावाचा गुणधर्म, त्यामुळे सौद्याच्या जागी पावतीची तारीख वाचली जात होती आणि भाव त्याच दिवसाचा असल्याने कुणाला पत्ता नव्हता. पीएचपी ७ ने हा उसना ‘धिस’ बंद केला.

म्हणून दिसेल त्या मेथडवर स्टॅटिक चिकटवत सुटू नका. पोटात ‘धिस’ असेल तर आधी ऑब्जेक्ट बनवा, नसेल तरच स्टॅटिक लिहा. ‘पॅरंट’पुढचं डबल कोलन मात्र तसंच राहू द्या, ते स्टॅटिक नाही.