एका खात्याला दोन दारे

आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये ई-मेलचे खाते जोडताना नाव, पत्ता व परवलीचा शब्द दिला की काम भागते, असे वाटते. पण आतल्या रकान्यांत दोन सर्व्हरची नावे असतात: येणाऱ्या टपालाचा एक, जाणाऱ्याचा दुसरा. आजचे प्रोग्रॅम ही नावे पुष्कळदा स्वतःच शोधून भरतात, म्हणून ती नजरेस पडत नाहीत इतकेच. खाते एक, मग दारे दोन कशाला?

जाण्याचे दार आधीचे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली 'एसएमटीपी' हे नियम प्रसिद्ध केले. त्या काळी टपाल फिरे ते विद्यापीठांतील व प्रयोगशाळांतील मोठ्या, बहुधा अहोरात्र चालू असणाऱ्या यंत्रांमध्ये. एका यंत्राने दुसऱ्याला गाठायचे, पत्र कोणाकडून व कोणासाठी ते सांगायचे आणि मजकूर सोपवायचा. वाचणारा त्याच यंत्राला जोडलेल्या टर्मिनलवर बसे. टपाल 'आणायला' जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे मेजावरचे छोटे संगणक आले. काम संपले की ते बंद! बंद यंत्राला पत्र कोण देणार? म्हणून १९८४ मध्ये पोस्टेल यांच्याच संस्थेतील जॉइस रेनॉल्ड्स यांनी 'पॉप', म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, मांडला. टपाल सदैव चालू असलेल्या सर्व्हरवर साठवायचे आणि सवडीने उतरवून घ्यायचे. त्याची 'पॉप३' ही आवृत्ती १९८८ची. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी 'युडोरा' हा टपाल-प्रोग्रॅम लिहिला. हे नाव पोस्टात राहणाऱ्या बाईची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी यांच्यावरून ठेवलेले. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा जोडणी टेलिफोनवरून होई. पत्रे उतरवून, फोन तोडून निवांत वाचण्याची पॉपची रीत खिशालाही परवडणारी होती.

आता खरी गोम. पॉपला परवलीचा शब्द लागे. मूळ एसएमटीपीत तो मागण्याची सोयच नव्हती. आपल्या टपालपेटीसारखेच हे: पत्र टाकणाऱ्याला कोणी ओळख विचारत नाही, रजिस्टर पत्र घेताना मात्र सही लागे. मोजक्या, परस्परांना ओळखणाऱ्या मंडळींत हे चालून गेले. जाळे पसरल्यावर मात्र जाहिरातबाजांनी परक्यांच्या सर्व्हरवरून पत्रांचे गठ्ठे सोडायला सुरुवात केली. अखेर १९९९ मध्ये एसएमटीपीला ओळख तपासण्याची जोड मिळाली. 'पाठवण्याच्या सर्व्हरलाही ओळख पटवावी लागते' अशा अर्थाची चौकट प्रोग्रॅममध्ये दिसते, ती याच कारणाने.

'नाव' हा रकाना मात्र अजून मोकळाच आहे. स्वतःच्या खात्यात तिथे 'मुख्याध्यापक' असे लिहून स्वतःलाच एक पत्र पाठवा व आलेले पत्र वर्गात दाखवा. नाव मुख्याध्यापकांचे, पत्ता तुमचा!