शाळा मुलाच्या दारी

श्रोतेहो, हजेरीपटावर एखाद्या नावापुढं पंधरा दिवस, महिना, दीड महिना 'गैरहजर' अशीच खूण पडत गेली, की गुरुजींच्या मनात प्रश्न येतो : हे नाव ठेवावं, की कमी करावं? हरसूल, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या डोंगरपट्ट्यात आपण चटकन म्हणतो, पोर गुरांमागं गेलं असेल, नाहीतर आईबापांबरोबर जगायला गेलं असेल. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधी कधी ते पोर घरातच असतं, आजारानं अंथरुणाला खिळलेलं. अशा मुलाचं शिक्षण कसं चालू ठेवावं, या प्रश्नाला महाराष्ट्रात एक इतिहास आहे. तो आज थोडक्यात सांगायचा आहे.

परदेशात १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त आणि क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी रानात शाळा भरू लागली. मोकळी हवा, पोटभर अन्न, विश्रांती आणि त्याबरोबरच धडे, अशी तिची रीत होती. 'आधी बरा हो, मग शीक' हा जुना क्रम तिथं मोडला गेला. औषध आणि अक्षर बरोबर चालू शकतात, हे लोकांना दिसलं.

आपल्याकडे हा विचार वेगळ्या वाटेनं आला. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. पुढं १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथं कुरणशाळा निघाली. ही मुलं काही आजारी नव्हती. पण मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनं मुलाकडे गेलं पाहिजे, हा धडा आपल्या आदिवासी भागानं तेव्हाच घालून दिला. कोसबाड आपल्यापासून फार दूर नाही. जव्हार ओलांडून पश्चिमेला उतरलं, की डहाणूच्या अलीकडे तो मुलूख लागतो.

त्याच सुमारास मुंबईत दुसरं काम उभं राहत होतं. फातेमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी केलेल्या धडपडीतून त्यांना इतर आईबापांची अडचण कळली, आणि १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केलं. त्यातूनच हाजीअलीच्या बालरुग्णालयाचं काम वाढलं. पोलिओचा उपचार म्हणजे महिनोन् महिने व्यायाम आणि पट्ट्या. एवढा काळ मुलानं नुसतं पडून राहायचं का, हा प्रश्न मग टाळता येईना. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी संस्था काढली. तिथं उपचार आणि शाळा एकाच छपराखाली आल्या. पुढं लशीमुळं पोलिओ हटला. २०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. परंतु आजारी मुलाच्या शाळेचा प्रश्न काही हटला नाही.

आपल्या आदिवासी भागात त्याचं एक रूप म्हणजे सिकलसेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, पोट अशा कळांनी भरतात, की मोठा माणूसही रडेल. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ साली नागपूरकडची नोंद प्रसिद्ध झाली. तो आईबाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडून आला तर मूल केवळ वाहक असतं. दोघंही वाहक असतील, तर दर बाळंतपणात चारांत एक या हिशेबानं आजाराचा संभव असतो. हा दोष जिथं हिवतापाचं ठाणं होतं तिथंच टिकला, कारण वाहकाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. यात ना करणी आहे, ना कुणाचं पाप. त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली.

हे मूल चार दिवस बरं असतं, आठ दिवस आजारी. म्हणून ते आळशी ठरतं, मागं पडतं, आणि एक दिवस शाळाच सोडतं. आजारापेक्षा हे नुकसान काही कमी नाही, कारण कष्टाचं काम त्याच्या अंगाला झेपणारं नसतं. त्याचं पोट पुढं शिक्षणावरच भरायचं असतं.

कायदा आता त्याच्या बाजूला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंग मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वात केला. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद त्याच कायद्यात आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून दाखला काढावा लागतो. आईबापांना ही वाट गुरुजींनीच दाखवायची.

मात्र कायदा पाड्यावर चालत जात नाही. गुरुजी, बाई, एवढं करा. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला जाण्यास कधी अडवू नका. अंगात पाणी कमी पडलं की कळा उठतात. थंडीत किंवा भर पावसात त्याला प्रार्थनेला उघड्यावर उभं करू नका, उन्हात धाववू नका. ताप आला तर वाट न पाहता दवाखान्यात पाठवा. गैरहजेरीबद्दल छडी नको, टोमणाही नको. आणि त्याच पाड्यावरचा एक वर्गमित्र नेमा. तो संध्याकाळी घरी जाताना त्या दिवसाची वही आजारी मुलाकडे नेईल, सकाळी परत आणील. कळ थांबली की ते मूल दोन ओळी लिहील. नाही लिहिल्या तरी वर्ग आपल्याला विसरलेला नाही, एवढं त्याला कळेल.