आवाज खाली आणणारा गिटारवादक

आज एका संग्रहाविषयी बोलू या. ‘दि इसेन्शियल जॉन मॅकलॉफ्लिन’ हा दोन सीडींचा संच २००७ साली निघाला. एका गिटारवादकाची कित्येक दशकांची वाटचाल त्यात ऐकायला मिळते.

फौजेत माणसाचं सर्व्हिस रेकॉर्ड पहिल्या पानापासून वाचायची सवय लागते. त्यात मी एक गोष्ट हमखास बघतो: चांगली चाललेली जागा या माणसाने आपणहून कधी सोडली का? मॅकलॉफ्लिनने सोडली.

जन्म १९४२चा, यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचा. १९६९ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि त्याच वर्षी माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’च्या रेकॉर्डिंगला बसला. जॅझमध्ये विजेची वाद्यं आणि रॉकचा जोर आणणारे हे अल्बम. १९७१ला त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा केला. ‘महाविष्णू’ हे त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं नाव. ‘बर्ड्स ऑफ फायर’ची मुख्य रचना अठरा मात्रांची, वेग प्रचंड आणि आवाज कानठळ्या बसवणारा. नाव झालं, गर्दीही झाली.

आणि तेव्हाच हा माणूस साधी, बिनविजेची गिटार घेऊन मांडी घालून बसला. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात तो एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता. त्याने गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून घेतलं, म्हणजे तार ओढून मींड काढता येईल. मुख्य तारांखाली तरफेसारख्या तारा बसवल्या. शिकायचं तर हत्यारही बदलावं लागतं.

त्या गटाचं नाव ‘शक्ती’. आपल्या माहीमचे झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर. पहिला अल्बम १९७५च्या मैफलीचा. आपण याला पूर्व-पश्चिम मिलाफ म्हणतो. मला त्यात आणखी एक मिलाफ दिसतो: उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम. दोघांचे बोल वेगळे, हिशेब वेगळा, तरी समेवर एकत्र. वेगवेगळ्या प्रांतांतले जवान एका पलटणीत कसे एक होतात, ते पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. तुमच्यापैकी जे चेन्नईत, इंदूरला, कोलकात्यात घर करून आहेत, त्यांनाही कळेल.

‘महाविष्णू’चा पहिला संच दोन-तीन वर्षांतच फुटला. ‘शक्ती’ १९७८च्या सुमारास थांबली, पण १९९७ला ‘रिमेंबर शक्ती’ म्हणून परतली. पुढे विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश आणि चेंबूरचे शंकर महादेवन त्यात आले. २०२३च्या ‘धिस मोमेंट’ला २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

म्हणून हा संच मधूनमधून ऐकू नका, क्रमाने ऐका. आधी तो विजेचा गडगडाट कानावर येऊ द्या. मगच ‘शक्ती’पाशी आल्यावर कळेल, आवाज खाली आणायला किती हिंमत लागली असेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.