काचीगुड्यातली पंगत आणि चायनीज हॉटेल

वडिलांच्या जुन्या हिशेबाच्या वह्या चाळताना १९७९च्या नोव्हेंबरात एक नोंद सापडली : ‘चायनीज हॉटेल, ६ माणसे, ४७ रु.’ त्याच पानावर महिन्याच्या दुधाचा हिशेब आहे. मंडळात आपण शाळांचा, संस्थांचा, चळवळींचा इतिहास लिहितो. विवेकवर्धिनी १९०७ साली निघाली, हे आपल्याला पाठ असतं. पण घरातल्या बायका पुरुषांबरोबर जेवायला कधी बसल्या, ती तारीख कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या घरापुरती ती या नोंदीत आहे.

हैदराबादेत तेव्हा बाहेर खाणं म्हणजे इराण्याकडचा चहा आणि उस्मानिया बिस्किट, तेही पुरुषांनी. बायका गेल्याच तर पडद्याआडच्या ‘फॅमिली’त बसायच्या. घरी आधी पुरुष, मग मुलं, शेवटी आई आणि आजी. उरलेलं गार पिठलं आई कढईतच भात कालवून खायची, हे मी कितीदा पाहिलंय.

चायनीजला जायचं ठरलं ते काकांच्या बढतीमुळे. चातुर्मास संपेपर्यंत थांबावं लागलं, कारण तिथं कांदा-लसणाशिवाय काही होत नाही, अशी बातमी होती. आजीला चीन दोनच गोष्टींनी माहीत. एक सोलापूरचे डॉ. कोटणीस, जे १९३८ साली तिकडे सेवेला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले. दुसरी १९६२ची लढाई. “त्यांच्या हातचं खायचं का आता?” असं ती म्हणाली, पण नेसली मात्र ठेवणीतलं लुगडं.

काउंटरवर मालकीणबाई होत्या. आजीकडे बघून त्यांनी विचारलं, “क्या होना अम्मा?” अस्सल हैदराबादी! आजीचा निम्मा संशय तिथंच गेला. उरलेला वेगळी कढई घासून घ्यायच्या कबुलीवर गेला. स्वीट कॉर्न सूप तिनं ‘मक्याचं सार’ म्हणून दोनदा घेतलं. नूडल्सना मात्र तिनं हात लावला नाही. शेवया म्हणजे खीर, असं तिचं मत.

माझ्या लक्षात राहिलं ते टेबल. मोठे बाऊल मध्ये ठेवलेले आणि ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. आई वाढायला उठली, तर वेटर म्हणाला, “आप बैठो जी.” ती बसली. वडिलांच्या समोर, त्यांच्याबरोबर, गरम गरम जेवली. सगळ्यांत कमी बोलली आणि सगळ्यांत सावकाश जेवली.

आम्ही उठेपर्यंत हॉटेल रिकामं झालं होतं. मागच्या टेबलावर मालकीणबाई, त्यांचे यजमान आणि मुलं जेवायला बसत होती. त्यांच्यापुढे साधा भात, पालेभाजी आणि पातळ रस्सा होता, आम्ही खाल्लं त्यातलं काहीच नव्हतं. आई घरी येताना म्हणाली, “बाई सगळ्यांच्या शेवटी जेवतात बघ, आपल्यासारख्याच.”

पुढे आईची त्यांच्याशी ओळख वाढली. त्या हक्का, जन्म कलकत्त्याचा. ‘हक्का’ हे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचं नाव आहे, हे आम्हाला नूडल्स खाऊन खाऊनही ठाऊक नव्हतं. कलकत्त्यात कँटनी लोक सुतारकाम करत आणि हुपेहकडचे लोक दातांचे वैद्य होते. चामडं कमावण्याचं काम सवर्ण हिंदू विटाळ मानत, ते हक्कांनी उचललं आणि टेंगऱ्यात टॅनऱ्या उभ्या केल्या. १९६२ नंतर चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. त्यांत इथंच जन्मलेले पुष्कळ होते. बाहेर राहिलेल्यांवरही नोंदणीची आणि फिरण्याची बंधनं आली. अनेक कुटुंबं कॅनडाला वगैरे निघून गेली. ‘क्या होना अम्मा’ म्हणणाऱ्या बाई आपल्याच देशात परक्या ठरू शकत होत्या आणि आम्ही लढाईचा हिशेब त्यांच्या कढईशी करत होतो.

आता आमच्याकडे मुंजीच्या जेवणातही गोबी मंचुरियन असतं. मंचुरियन मंचुरियातलं नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत आलं-लसूण-मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून आधी चिकनचं केलं, असं सांगितलं जातं. म्हणजे हे अन्न आपल्याच माणसांनी आपल्या जिभेसाठी घडवलेलं आहे.

ते हॉटेल केव्हाच बंद झालं. मालकीणबाई मुलांकडे परदेशी गेल्या. आईनं त्यांना निरोपाला पुरणपोळ्या दिल्या होत्या. त्या दिवसापर्यंत आमच्या घरातल्या पंगतीही बदलल्या होत्या. सगळे एकदम बसायचे आणि भांडी मध्ये असायची. आजी हयात असेतोवर त्याला ‘चिनी पंगत’ म्हणायची.

सभासदांना विनंती आहे की घरच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळाव्यात. हॉटेलचं जुनं बिल, मेन्यूकार्ड, फोटो निघाला तर पुढच्या बैठकीला घेऊन यावा. शाळांचे अहवाल आपण जपले आहेत, त्यांच्या शेजारी हेही ठेवू.