सायकलप्रवासातील स्त्री-पुरुष भेद : रेवदंडा परिसर

कामावर, शाळेत किंवा बाजारहाटाला रोज सायकलने जाणाऱ्यांमध्ये बायका किती आणि पुरुष किती, ते किती अंतर तोडतात आणि त्यांच्या फेऱ्या कशा असतात, यांत दिसणारा फरक. भारतात शाळकरी वयात हा फरक बराच कमी झाला आहे. कमावत्या वयात तो फारसा हललेला नाही. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील रेवदंडा हे गाव या फरकाची कारणे तपासायला सोयीचे आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी, जुन्या पोर्तुगीज तटबंदीच्या आधाराने वसलेले हे गाव सपाटीवर आहे. चौल लागूनच, थेरोंडा आणि आग्राव हे कोळीवाडे जवळ, खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव आणि तिथला लोखंडाचा कारखाना. तालुक्याचे गाव अलिबाग तेवढे सतरा-अठरा किलोमीटर. म्हणजे अलिबाग सोडले तर रोजची बहुतेक कामे सायकलच्या टप्प्यातली, आणि चढ म्हणावा तर पुलाचाच. अशा जागी बाई पायी किंवा मिनीडोरने, म्हणजे भाड्याच्या तीनचाकीने, का जाते, याचे उत्तर भूगोलात नाही, अंगकाठीतही नाही. या नोंदीचे म्हणणे असे की घरात ज्याच्या वेळेचा हिशेब ठेवला जातो त्याच्या हाती सायकल पडते. बाईच्या वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून सायकल तिच्यापर्यंत पोचत नाही.

हिशेबाचा हा घोळ सरकारी मोजणीतच दिसतो. कामाचे ठिकाण किती लांब आणि तिथे कशाने जाता, हा प्रश्न २०११ च्या जनगणनेत विचारला गेला. तो शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक वगळून उरलेल्या, म्हणजे ‘इतर कामगार’ या गटाला होता. त्या गटातल्या सुमारे २० कोटी माणसांपैकी १३ टक्के सायकलने जात होती. ज्यांना कामासाठी प्रवास करावा लागतो त्यांच्यात पायी जाणाऱ्या बायका ४५ टक्के होत्या, पुरुष २७ टक्के. चालणारी बाई आणि चाकावरचा पुरुष ही विभागणी एवढ्यावरूनही कळते. पण रेवदंड्याच्या दृष्टीने खरी गंमत व्याख्येत आहे. जनगणनेच्या लेखी भाताची शेती ही ‘शेती’ असते, नारळ आणि सुपारी मात्र चहा-कॉफीसारखी मळ्याची पिके मानून शेतीतून बाहेर काढली जातात. मासेमारीही बाहेरच. त्यामुळे रेवदंडा-चौलचा वाडीवाला आणि कोळी हे ‘इतर कामगार’ ठरतात आणि प्रवासाच्या प्रश्नाला पात्र होतात. शेजारच्या खाचरात लावणी करणारी बाई होत नाही. त्यातही घरामागच्या वाडीत शिंपणे, झावळ्या गोळा करणे, सुपारी सोलणे ही कामे करणारीला ‘प्रवास नाही’ या रकान्यात बसवले जाते. शिवाय प्रश्न एकेरी अंतराचा आणि एका साधनाचा. पोराला बालवाडीत सोडून, दळण टाकून, बाजारातून जाऊन मग कामावर पोचणाऱ्या बाईची वाट त्यात एक सरळ रेघ होते. सायकलचा खरा फायदा अशाच तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्यांत असतो, आणि मोजणीतून नेमक्या त्याच निसटतात.

वेळेला किंमत आली की काय होते, हे मुलींच्या बाबतीत स्वच्छ दिसले आहे. शाळेला घंटा आहे. उशीर झाला तर बाहेर उभे राहावे लागते. बिहारने २००६ मध्ये नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवले की त्यामुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरांपेक्षा लांब असलेल्या गावांत फायदा ठळक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. देशभराच्या ग्रामीण भागात सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण २००७ मध्ये साडेचार टक्के होते, ते २०१७ मध्ये अकरा टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत दुपटीहून अधिक. या वाढीत मुलींची अंगकाठी बदलली नव्हती, संस्कृतीही रातोरात बदलली नव्हती. बदलले ते एवढेच की सायकल मुलीच्या नावावर घरात आली आणि तिच्या रोजच्या एका फेरीला ठरलेली वेळ होती.

मग हीच मुलगी पंचविशीत सायकलवर का नसते? ‘लग्नानंतर कोण चालवतं?’ हे नेहमीचे उत्तर वर्णन म्हणून खरे आहे, कारण म्हणून अपुरे. सायकल चालवायची कला कुणी विसरत नाही. दांडीच्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकलेलीलाही ती चाळिशीत येते. विसर पडतो तो तिच्या वेळेचा. सासरी तिच्या कामांना घंटा नसते. रेवदंड्याच्या बाजूला हे विशेष जाणवावे अशी कामे आहेत. कोळणीचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. होडी आज पहाटे लागली तर काही दिवसांनी दुपारी. बंदरावर लिलाव झाला की टोपली घेऊन निघायचे आणि मासळी खपेपर्यंत फिरायचे. वाडीचे काम तर दिवसभर सांडलेले असते. अशा कामात वाचवलेला अर्धा तास पगारात दिसत नाही, म्हणून तो वाचवण्यासाठी खर्च करणे घराला सुचत नाही. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या पुरुषाचा अर्धा तास दिसतो. त्याला खाडा पडतो. चार किलोमीटर चालायला तासाभराच्या आसपास लागतो, सायकलला वीस मिनिटे. जाऊन-येऊन सव्वा तास वाचतो. हा सव्वा तास पुरुषाचा असेल तर त्यासाठी सायकल घेतली जाते. बाईचा असेल तर ‘तिला काय घाई आहे’ असे म्हणता येते. मिनीडोर भरेपर्यंत नाक्यावर थांबण्यात जाणारा वेळही याच खात्यातला.

यावर पहिला आक्षेप पोशाखाचा. साडीत सायकल कशी चालवणार, पदर नि निऱ्या चेनमध्ये अडकतात. अडकतात खऱ्या, पण त्यावरचा उपाय सव्वाशे वर्षे जुना आहे. खाली वाकवलेली नळी, बंद चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल लांब झग्यांसाठीच निघाली होती. पुण्यात साडीतल्या बायका सायकलवर शाळा-कचेरीला जात, तेव्हा ते शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्याहून बोलका दाखला तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्याचा. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेला सायकल शिकवण्याची जोड मिळाली आणि एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी कामकरी बायकांना सायकलसाठी बँकांची कर्जे मिळवून दिली. पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे की लेडीज सायकली संपल्यावर बायकांनी दांडीच्या जेन्ट्स सायकली घेतल्या आणि त्या चालवल्या. खाणीतल्या मजूर, आरोग्यसेविका, शेतमाल विकणाऱ्या, सगळ्या साडीत. तिथे बायकांनी सांगितलेला लाभ बसची वाट पाहणे सुटल्याचा आणि जास्त गावांत माल विकता आल्याचा होता. बाईचा वेळ पैशात दिसू लागल्यावर साडीची अडचण मागे पडली.

दुसरा आक्षेप रस्त्याचा आणि तो जास्त वजनदार आहे. नेदरलँड्समध्ये निम्म्याहून अधिक सायकलफेऱ्या बायका करतात; ब्रिटन-अमेरिकेत त्यांचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास घुटमळतो. फरक वेगळ्या सायकलमार्गांचा, असे तिकडचे अभ्यासक सांगतात. १७ देशांच्या एका तुलनेत, एकूण फेऱ्यांत सायकलचा वाटा ७ टक्क्यांपलीकडे गेला की जवळजवळ सगळीकडे बायका पुरुषांच्या बरोबरीने सायकलवर दिसतात, असे आढळले. अलिबाग ते मुरूड हा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला ही भीती समजावून सांगायला नको. नागाव-चौलमध्ये दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, मधे जेमतेम दोन गाड्यांची जागा, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस, त्यात साइडपट्टीचा चिखल. तरीही हे कारण पुरत नाही. भारतात ‘इतर कामगारां’त सायकलचा वाटा १३ टक्के होता, म्हणजे त्या ७ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट. तो नियम इथे लागू असता तर आपल्याकडे बायकांची झुंबड उडायला हवी होती. ती उडाली नाही, कारण आपली १३ टक्के सायकल ही प्रामुख्याने गरीब पुरुषाच्या नोकरीची सायकल आहे. आणि याच अरुंद रस्त्यांवरून गावोगावच्या मुली दप्तर कॅरियरला लावून शाळेत जातात. रस्ता सुधारायलाच हवा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी कुंडलिकेवर आखलेल्या नव्या पुलावर सायकलला वेगळी कड ठेवणे मुळीच अवघड नाही. पण तेवढ्याने सायकल घरातल्या बाईच्या हाती येणार नाही.

तिसरे म्हणणे असे की आता स्कूटी आली, एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, मग सायकलचे रडगाणे कशाला? अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून आहे आणि अलिबागच्या टप्प्यासाठी त्याचा उपयोग मोठा. तीन-चार किलोमीटरांच्या फेरीला मात्र एसटीची वाट पाहणे परवडत नाही. स्कूटीला पेट्रोल लागते, परवाना लागतो, हप्ता लागतो. ज्या घराला ती झेपते तिथली बाई पायी चालणाऱ्या ४५ टक्क्यांतली सहसा नसते. आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. २००१ ते २०११ मध्ये मोटारसायकल-स्कूटर असलेली घरे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली, तरी सायकल असलेली घरे ४३.७ वरून ४४.८ टक्के झाली, घटली नाहीत. पुरुष मोटारसायकलवर गेला म्हणून सायकल घराबाहेर गेली नाही. ती पडवीत भिंतीला टेकून राहिली, खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजली, नाहीतर मुलाकडे गेली. साधन घरात असूनही बाई चालत राहिली, म्हणून गरिबी हे कारण अर्धेच म्हणावे लागते.

एका मुद्द्यावर मात्र माघार घ्यावी लागते. ओझ्याचा प्रश्न खरा आहे. बर्फासह मासळीची टोपली डोक्यावर तोलत चालणारी कोळीण साध्या लेडीज सायकलवर तो माल नेऊ शकत नाही; कॅरियरवर क्रेट बांधून फिरणारे मासळीवाले पुरुष मजबूत, दांडीची, दुहेरी स्टँडची सायकल वापरतात. इथे सायकल वाटून भागणार नाही. हातगाडी, मालाची तीनचाकी किंवा टोपलीला जागा ठेवणारी मिनीडोर हेच तिला उपयोगी. सायकलचा आग्रह वाडीत, बालवाडीत, दवाखान्यात, दुकानात आणि बचत गटाच्या कामाला जाणाऱ्या बाईसाठी धरावा.

रेवदंडा-चौल रस्त्यावर ज्यांना सायकली मोजायच्या असतील त्यांनी केवळ शाळा भरण्या-सुटण्याच्या आणि कारखान्याच्या पाळीच्या वेळी उभे राहू नये. त्या दोन्ही वेळा घड्याळवाल्यांच्या आहेत. अकराच्या सुमाराला, दळणाच्या वेळी, आणि ज्या दिवशी ज्या वेळी होड्या लागतील तेव्हा बंदराच्या वाटेवर उभे राहावे, आणि चालणाऱ्या बाईला एवढेच विचारावे की घरात सायकल आहे का, आणि ती आत्ता कुणाकडे आहे.